जखम कुठे आहे?

इंग्रजी शब्दकोशांत 'डूलाली' असा एक शब्द सापडतो. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये आजही गमतीनं 'डूलाली' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की हे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नाव आहे. १८६१ मध्ये ब्रिटिश लष्करानं तिथे तात्पुरत्या मुक्कामाची छावणी उभारली. विलायतेहून नव्यानं आलेले गोरे शिपाई तिथे उतरत आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथेच थांबत. सैन्याची जहाजं ठरावीक मोसमातच चालत. मार्चच्या सुमाराचं शेवटचं जहाज हुकलं, की पुढचा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीतच काढावा लागे. हाताला काम नाही, ताप आणि दारू दोन्ही मुबलक, आणि घरी जायचा हुकूम निघूनही घर समुद्रापलीकडेच. या मुक्कामात काही शिपायांचं काहीतरी बिघडे. बराकीत त्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्सनं 'ओल्ड सोल्जर साहिब' (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात या दुखण्याविषयी लिहिलं आहे.

मला या शब्दाचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी वाटतं. ज्या दुखण्याला लष्करी डॉक्टरांकडे धड नाव नव्हतं, त्याला शिपायांनी स्वतःच नाव दिलं आणि वापरात आणलं. गोळी लागलेली नाही, हाड मोडलेलं नाही, तरी माणूस पूर्वीचा राहिलेला नाही, एवढं त्यांना एकमेकांकडे पाहून कळत होतं.

गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत जवळपास प्रत्येक मोठ्या युद्धानंतर असे सैनिक घरी परतले आहेत. थकवा, धडधड, धाप, चक्कर, सांधेदुखी, पोटाच्या तक्रारी, उडालेली झोप, हरवणारी आठवण. डॉक्टर तपासतात आणि सांगतात, काही सापडत नाही. दर पिढीत या दुखण्याचं नाव बदललं. ही नावं ओळीनं वाचत गेलो, तेव्हा मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. 'याला काय झालंय' आणि 'याचे पैसे कोण देणार' हे दोन प्रश्न इथे कायम एकमेकांत अडकलेले आहेत. दुसऱ्या प्रश्नाची घाई असल्यामुळे पहिल्याचं उत्तर अनेकदा आधीच ठरून गेलं. कधी ते बरोबर निघालं, कधी चूक. पण 'कारण सापडलं नाही' याचा अर्थ 'कारण नाही' असा काढण्याची सवय मात्र फार जुनी आहे.

पाठीवरचा बोजा

हिंदुस्थानातून आजारी पडून परतणाऱ्या गोऱ्या शिपायांचं जहाज इंग्लंडला लागलं, की त्यांतले पुष्कळ जण साउदॅम्प्टनजवळच्या नेटली इथल्या प्रचंड लष्करी रुग्णालयात जात. १८७० मध्ये तिथे मनोरुग्ण सैनिकांसाठी 'डी ब्लॉक' नावाची वेगळी इमारत सुरू झाली. याच नेटलीत लष्करी वैद्यकाचे प्राध्यापक होते विल्यम मॅक्लीन. त्यांची नोकरी आधी मद्रासकडे झालेली. १८६० च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं, की हृदयाच्या तक्रारीमुळे सैन्यातून काढलेले तरुण शिपाई फारच मोठ्या संख्येनं येत आहेत. विशी-पंचविशीतली पोरं, छातीत धडधड आणि दम लागतो म्हणून निकामी ठरलेली.

मॅक्लीन यांनी कारण शोधलं ते शिपायाच्या पाठीवर. जड पिशवी, तिचे छातीवरून आवळलेले पट्टे, त्यात श्वास कोंडलेला आणि वर लांबलचक कूच. कोल्डस्ट्रीम गार्ड्सचे डॉक्टर आर्थर मायर्स यांनी १८७० मध्ये पुस्तक लिहून गणवेशाच्या घट्ट गळपट्टीलाही दोष दिला. त्यांचं म्हणणं सरकारनं मनावर घेतलं. समिती बसली, पिशवीची रचना बदलली, भार खांदे आणि कमर यांच्यात वाटला गेला. शिपायांचा त्रास नक्कीच कमी झाला असेल. पण धडधडीचे रुग्ण काही थांबले नाहीत. पुढे बोअर युद्धात (१८९९-१९०२) ते पुन्हा मोठ्या संख्येनं आले आणि त्यांच्या कागदांवर 'हृदयाचं अनियमित कार्य' असा शेरा पडू लागला. पिशवी बदलली, शेरा बदलला, आजार राहिला.

अटलांटिकच्या पलीकडेही हेच चाललं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन इथे मज्जातंतूंच्या जखमांसाठी खास रुग्णालय होतं. कापलेल्या पायाच्या जागी पाय असल्याचा भास आणि त्या नसलेल्या पायात होणाऱ्या वेदना यांवर सायलस वीअर मिचेल यांनी जे काम केलं, त्याचं मूळ इथल्याच रुग्णांमध्ये आहे. नसलेला अवयव दुखतो, हे त्या काळी कुणाला पटणार! तरीही मिचेल यांनी रुग्णांचं म्हणणं लिहून घेतलं.

त्याच रुग्णालयात जेकब मेंडिस दा कोस्टा हे डॉक्टर हृदयाचे रुग्ण पाहत होते. १८७१ मध्ये त्यांनी तीनशेहून अधिक सैनिकांच्या निरीक्षणांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात भेटणारा सैनिक साधारण असा आहे : काही महिने आघाडीवर काढल्यावर त्याला ताप येतो किंवा हगवण लागते. तो बरा होऊन पलटणीत परततो, पण आता कूच करताना मागे पडतो. दम लागतो, छातीत कळ येते, धडधड इतकी की रात्री कुशीवर झोपवत नाही. दिसायला मात्र धडधाकट. दा कोस्टांनी याला 'चिडखोर हृदय' म्हटलं. अतिश्रम आणि आजारपण यांनी थकलेलं हृदय असा त्यांचा कयास होता. मला त्यांच्या निबंधात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट : हृदयात बिघाड सापडला नाही म्हणून त्यांनी सरसकट सगळ्यांना सोंगाडे ठरवलं नाही.

भाताची गोष्ट

इथवर वाचून कुणी म्हणेल, की शरीरात कारण शोधणं हाच वेडेपणा होता. मूळ मनातच असणार. तसं म्हणण्याआधी जपानी नौदलाची एक गोष्ट पाहायला हवी.

१८८२-८३ मध्ये 'र्‍यूजो' हे प्रशिक्षण जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई बेटं करून परतलं. जहाजावर ३७६ माणसं होती. त्यांतल्या १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ मेले. पायांत मुंग्या, सूज, धाप, धडधड, आणि शेवटी हृदय बंद. तेव्हा या आजाराचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. लंडनला शिकून आलेले नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना वाटलं, की दोष जेवणाचा आहे. नुसत्या सडलेल्या पांढऱ्या भातात प्रथिनं कमी पडतात, असं त्यांचं गणित. त्यांनी पुढच्या जहाजाला तोच मार्ग दिला आणि जेवण बदललं. त्या जहाजावर बेरीबेरीनं कुणी दगावलं नाही. त्यानंतर नौदलाच्या जेवणात जव आला आणि रोग जवळपास नाहीसा झाला.

जपानच्या भूदलानं मात्र हे मानलं नाही. जर्मनीत शिकलेल्या तिथल्या डॉक्टरांची श्रद्धा जंतूंवर होती. जंतू दाखवा, नाहीतर तुमचा सिद्धान्त शास्त्रीय नाही, असा त्यांचा पवित्रा. त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे मोरी ओगाई, आधुनिक जपानी साहित्यातला फार मोठा लेखक. मोठी प्रतिभा आणि मोठी चूक एकाच माणसात नांदू शकतात, याचं हे उदाहरण अस्वस्थ करतं. रशियाशी झालेल्या युद्धात (१९०४-०५) जपानी भूदलाचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीनं मेले. नौदलात असं काही घडलं नाही.

गंमत अशी, की ताकाकींचंही कारण चुकलंच होतं. कमतरता प्रथिनांची नव्हती, ब-१ जीवनसत्त्वाची होती; आणि 'व्हिटामिन' हा शब्दच १९१२ मध्ये आला. पण रोग्यांचं निरीक्षण नीट होतं, म्हणून कारण चुकूनही उपाय लागू पडला.

हीच गोष्ट पुढे आपल्या माणसांच्या बाबतीत उलट्या बाजूनं घडली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस ६ वी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. तिथल्या रुग्णांत एक विचित्र वाटणी दिसली. पांढरा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी होत होता, तर आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून वाचत होते, पण त्यांना स्कर्व्ही गाठत होता. घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नाकारलं आणि ताजी भाजी संपलेली. ही वाटणी जातीच्या कणखरपणाची नव्हती की मनोधैर्याची नव्हती. ताटातल्या अन्नाची होती. शिपाई का गळून पडतो, याचं उत्तर काही वेळा खरोखरच इतकं साधं असतं. फक्त ते सापडेपर्यंत त्याच्याविषयी काय काय बोललं जातं, हे पाहण्यासारखं आहे.

डब्ल्यू आणि एस

त्याच महायुद्धात पश्चिम आघाडीवर वेगळंच काही घडत होतं. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञ डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांची हकीकत छापली. जवळ तोफगोळे फुटल्यानंतर त्यांची नजर, चव, वास आणि स्मृती यांवर परिणाम झाला होता. शीर्षकात शब्द होता 'शेल शॉक'. हा शब्द वणव्यासारखा पसरला. शिपायांना तो आवडला, कारण त्यात आपला दोष कुठेच नव्हता. दोष तोफगोळ्याचा होता. ब्रिटिश सैन्यातल्या अशा रुग्णांचा आकडा साधारणपणे ८० हजार दिला जातो.

पण सगळेच काही स्फोटाजवळ नव्हते. कुणी आघाडीवर पोचण्याआधीच थरथरू लागलं होतं. उलट गंभीर जखमी झालेल्यांमध्ये हा आजार कमी दिसे. तेव्हा लष्करानं कागदावर दोन वर्ग पाडले. शत्रूच्या स्फोटाशी थेट संबंध जोडता आला, तर 'शेल शॉक डब्ल्यू', म्हणजे जखमी. नाही जोडता आला, तर 'शेल शॉक एस', म्हणजे आजारी. जखमी ठरलेल्याला बाहीवर मानाची पट्टी मिळे. आजारी ठरलेल्याला ती नाही. दोघांचे हात सारखेच थरथरत असत.

जून १९१७ मध्ये तर फर्मान निघालं, की 'शेल शॉक' हा शब्दच रुग्णाच्या कागदावर लिहायचा नाही. त्याऐवजी लिहायचं 'अद्याप निदान नाही, मज्जासंस्थेचं'. लष्कराच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं होतं. नाव मिळालं की रुग्ण वाढतात, आणि बरे होत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता; तो सगळाच खोटाही नव्हता. आघाडीच्या जवळच विश्रांती आणि उपचार दिले तर पुष्कळ जण लवकर सावरत. पण त्याच काळात ज्यांचा धीर सुटला आणि जे पळाले, त्यांच्यावर कोर्टमार्शल होत होतं. पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारनं २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांतले किती जण आजारी होते, हे ठरवायला आता कागदही अपुरे आहेत.

हिंदी शिपाई या सगळ्यात कुठे होता? १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये हिंदी पलटणींतल्या हाताला गोळी लागलेल्यांची संख्या पाहून अधिकाऱ्यांना संशय आला, की हे स्वतःच गोळी मारून घेत आहेत. ब्रायटनच्या किचनर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमांची बारकाईनं छाननी केली आणि या संशयाला आधार सापडत नाही असा निष्कर्ष दिला. म्हणजे ज्यांची जखम उघड दिसत होती, त्यांनाही ती खरी असल्याचं सिद्ध करावं लागलं. मग न दिसणाऱ्या जखमेचं काय! गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी क्रेगलॉकहार्टसारखी रुग्णालयं होती, त्यांच्याशी तासन्‌तास बोलणारे डॉक्टर होते. 'लढवय्या जमात' म्हणून भरती केलेल्या शिपायाला हे आजारपण परवडणारं नव्हतं, कारण त्याची भरतीच मुळी 'याला असं काही होत नाही' या गृहीतकावर झालेली होती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात मेले, हे आज गावाच्या अभिमानाचा भाग आहे. जे परतले, त्यांना रात्री झोप लागत होती का, याची नोंद ठेवण्याचं कुणाला सुचलं नाही.

इकडे इंग्लंडात दा कोस्टांच्या धडधडीनंही नाव बदललं. थॉमस लुईस यांनी १९१८ मध्ये तिला 'श्रमाचा विकार' म्हटलं आणि औषधांऐवजी हळूहळू वाढवत नेलेल्या कवायतीवर भर दिला. १९४१ मध्ये पॉल वूड या हृदयतज्ज्ञानं सांगितलं, की हा हृदयाचा आजारच नाही. मुळाशी भीती आहे. त्यानंतर हृदयाकडे बोट दाखवणारे सैनिक कमी होत गेले. हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. एडगर जोन्स, सायमन वेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोअर युद्धापासून आखाती युद्धापर्यंतच्या १८५६ ब्रिटिश सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली तपासून २००२ मध्ये निष्कर्ष छापले. प्रत्येक युद्धानंतर अशा तक्रारींचा गठ्ठा सापडतोच. फरक पडतो तो जोर कशावर आहे यात : आधी अशक्तपणा, मग हृदय, मग मन. आज आपल्याला युद्धग्रस्त सैनिक म्हटला की डोळ्यांसमोर सिनेमासारखी उलगडणारी जुनी दृश्यं आठवतात. पण त्या जुन्या फायलींत अशी दृश्यं दिसल्याच्या तक्रारी क्वचितच आहेत. काळाकडे जी भाषा असते, तीत शरीर बोलतं.

शंभर तासांचं युद्ध

१९९१ चं आखाती युद्ध जमिनीवर अवघे शंभर तास चाललं. अमेरिकेचे जवळपास सात लाख सैनिक तिथे गेले होते, ब्रिटनचे सुमारे ५३ हजार. मृतांचा आकडा अपेक्षेहून कितीतरी कमी. खंदकात महिनोन्‌महिने कुजणं नव्हतं, पराभव नव्हता. तरी वर्षभरातच तक्रारी सुरू झाल्या : थकवा, सांधे, डोकं, आठवण, पोट, अंगावर पुरळ. १९९८ मधल्या एका पाहणीत अमेरिकी हवाई दलातल्या आखातात गेलेल्यांपैकी ४५ टक्के जणांत हा लक्षणसमूह दिसला. न गेलेल्यांत १५ टक्के. ब्रिटनच्या पाहणीतही आखातात गेलेल्यांच्या तक्रारी बोस्नियात गेलेल्यांहून दुपटी-तिपटीनं जास्त होत्या.

इथे इतिहासाचं ज्ञान असलेले लोक पुढे आले. हे नवं काही नाही, ते म्हणाले; दा कोस्टांचेच रुग्ण आहेत, फक्त आता हृदयाऐवजी रसायनांचं नाव घेतात. १९९६ च्या अखेरीस अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार समितीनंही ताण हा महत्त्वाचा घटक असावा असं म्हटलं. हा युक्तिवाद वजनदार आहे आणि मी वर जे लिहिलं आहे, त्याचाच तो पुढचा भाग वाटू शकतो.

पण रसायनं कल्पनेतली नव्हती. विषारी वायूपासून बचाव म्हणून सैनिकांना पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या दिल्या होत्या. तंबूंत आणि कपड्यांवर कीटकनाशकं मारली होती. कमी दिवसांत अनेक लशी टोचल्या होत्या. सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटलेल्या होत्या. आणि मार्च १९९१ मध्ये अमेरिकी सैन्यानं दक्षिण इराकमधल्या खामिसिया इथला दारूगोळ्याचा साठा उडवला. त्यात सरीन वायू भरलेली रॉकेटं होती. हे संरक्षण खात्यानं कबूल केलं जून १९९६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. मग संगणकावर वाऱ्याचा मार्ग काढून सांगितलं, की सुमारे एक लाख सैनिक त्या झोतात आलेले असू शकतात. पाच वर्षं जे सैनिक 'आमच्यावर काहीतरी पडलं' म्हणत होते, त्यांना तोवर ताणाचं औषध सांगितलं जात होतं.

२००८ मध्ये संसदेच्या कायद्यानं नेमलेल्या दुसऱ्या एका समितीनं उलट निष्कर्ष दिला : आजार खरा आहे, किमान चौघांतल्या एकाला आहे, आणि पुराव्याचा रोख गोळ्या आणि कीटकनाशकं यांच्याकडे आहे. २०२२ मध्ये रॉबर्ट हेली आणि सहकाऱ्यांनी पॉन-१ नावाच्या जनुकावर काम छापलं. सरीनसारखं विष शरीरात मोडून टाकणारं प्रथिन या जनुकाकडून बनतं, आणि त्याचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात. ज्यांच्याकडे कमकुवत प्रकार होता आणि ज्यांनी वायूचे भोंगे वाजल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यात आजाराचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. एकाच तंबूतला एक जण आजारी आणि दुसरा ठणठणीत कसा, या जुन्या कोड्याला हे एक शक्य उत्तर आहे. यावर अजून वाद आहे. भोंगा ऐकल्याची आठवण म्हणजे विषाचं मोजमाप नव्हे, असा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. दुसरीकडे, युरेनियमच्या गोळ्यांवर घेतलेला संशय २०२१ च्या लघवीच्या तपासणीत टिकला नाही. म्हणजे सैनिकांचे सगळे संशय खरे नव्हते आणि सगळे खोटेही नव्हते.

शेल शॉकच्या बाबतीतही असंच वळण आलं. स्फोटाच्या लाटेनं मेंदूला सूक्ष्म इजा होते, ही फ्रेडरिक मॉट यांची जुनी कल्पना अडगळीत गेली होती. २०१६ मध्ये इराक-अफगाणिस्तानच्या काळातल्या, स्फोटांना सामोऱ्या गेलेल्या मोजक्या मृत सैनिकांच्या मेंदूंत संशोधकांना खास ठिकाणी व्रण सापडले. नमुना लहान होता. पण शंभर वर्षांपूर्वी ज्यांना 'जखमी' आणि 'आजारी' अशा दोन रांगांत उभं केलं, त्यांच्यामधली रेघ तेवढी सरळ नसावी, असं म्हणायला आता जागा आहे.

निदान झालं तर पैसे नाहीत

पैशाच्या प्रश्नाचं सर्वांत विचित्र रूप अमेरिकी कायद्यात दिसतं. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला, की आखातात गेलेल्या सैनिकाला 'निदान न झालेल्या आजारा'साठी भरपाई मिळेल. मोठी उदार गोष्ट होती. पण मग सैनिक डॉक्टरकडे गेला आणि डॉक्टरनं त्याच्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया असं नाव लिहिलं, की निदान झालं, भरपाई अडली. कारण न कळणं हीच आता पात्रता होती. २००१ मध्ये कायदा दुरुस्त करून 'वैद्यकाला उलगडा न झालेला, अनेक लक्षणांचा जुनाट आजार' असा शब्दप्रयोग त्यात घालावा लागला. तरी २०१७ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयानं दाखवून दिलं, की या आजाराचे जेमतेम १७ टक्के दावे मंजूर होतात; इतर दाव्यांच्या तुलनेत एक तृतीयांश.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या वाक्यात विचारला जातो. आमच्या गावाकडे सैन्यातून निवृत्त झालेल्या कुणालाही 'मेजर' म्हणतात, मग तो शिपाई म्हणून का निवृत्त झालेला असेना. अशाच एका मेजरांकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाईल मी पाहिली आहे. बर्फातल्या चौकीवरून आल्यापासून त्यांचं डोकं दुखतं, झोप लागत नाही, हातापायांत मुंग्या येतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल. फाईलमधला इंग्रजी शेरा त्यांना तोंडपाठ होता, आणि त्याचं मराठी त्यांनीच मला करून सांगितलं : "नोकरीमुळं झालं नाही, नोकरीत वाढलंबी नाही." मग म्हणाले, "आता मला सांगा, भरती होताना मी धावलो तेव्हा हे कुठं होतं?"

त्यांना ठाऊक नव्हतं, पण सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये एका माजी सैनिकाच्या खटल्यात जवळपास हाच प्रश्न विचारला होता. त्या सैनिकाला अपस्माराचे झटके येत होते आणि वैद्यकीय मंडळानं आजाराचा नोकरीशी संबंध नाही असं ठरवलं होतं. न्यायालयानं म्हटलं, की भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता अशी नोंद असेल, तर नंतरचा बिघाड नोकरीमुळे झाला असं धरून चालायचं. नाही असं म्हणायचं असेल, तर मंडळानं कारणं लिहायची. सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. २०२३ मध्ये सरकारनं या भरपाईचे नवे नियम आणले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर आक्षेप घेतले. वाद मिटलेला नाही.

खोटे दावे नसतातच, असं मी म्हणत नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, आणि सरकारी पैसा राखणाऱ्या अधिकाऱ्याला ही भीती असणं स्वाभाविक आहे. पण सीटन यांनी हजार जखमा मोजल्या, तेव्हा संशय उलटा पडला. मॅक्लीन यांना कारण चुकीचं सापडलं, तरी शिपायाच्या छातीवरचे पट्टे सैल झाले. आणि ताकाकींनी जहाजावरचं जेवण बदललं, तेव्हा त्यांचं शास्त्र चुकीचं होतं आणि ब-१ जीवनसत्त्व जगात कुणालाच माहीत नव्हतं. भूदलातले डॉक्टर मात्र पक्का पुरावा येईपर्यंत भातच वाढत राहिले.